वऱ्हाडच्या उन्हात मोठ्या मापाचं मॉडेल इंजिन सांभाळताना

नांदगाव खंडेश्वरला रेल्वे स्टेशन नाही. गाडी धरायची तर बडनेरा गाठावं लागतं, नाहीतर चांदूर रेल्वे. तरीही मोठ्या मापाच्या मॉडेल रेल्वेचा छंद जोपासायला वऱ्हाडासारखा मुलूख नाही, असं माझं ठाम मत आहे. इथे घरामागे जागा असते, आणि या मापाचं आपल्या भागातल्या रेल्वेशी थेट नातं आहे.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने 1968 साली 'एलजीबी' या नावाने अंगणात चालणारी गाडी बाजारात आणली. तिच्या दोन रुळांमधलं अंतर 45 मिलिमीटर आणि प्रमाण 1:22.5. मीटरगेजच्या हजार मिलिमीटरला साडेबावीसने भागलं की जवळजवळ हेच अंतर येतं. म्हणजे पूर्णा-अकोला-खंडवा मार्गावर धावलेल्या मीटरगेज गाड्यांना हे माप नेमकं लागू पडतं. वऱ्हाडच्याच शकुंतला या नॅरोगेज गाडीचा रूळ त्याहून अरुंद, 762 मिलिमीटरचा. तिच्यासाठी त्याच 45 मिलिमीटरच्या रुळावर 1:17 हे प्रमाण धरावं लागतं.

आपल्याकडे ही इंजिनं बहुधा परदेशातल्या नातेवाइकांबरोबर येतात. कोणी मुलाने खेळून सोडून दिलेलं आणतो, कोणी जुन्या बाजारातून घेतलेलं. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय 1998 पासून आहे आणि ते प्रत्येकाने पाहावं, पण तिथल्या गाड्या छोट्या मापाच्या आणि छताखाली चालणाऱ्या. अंगणातल्या मोठ्या इंजिनाची निगा हा वेगळा विषय. त्यावरची बहुतेक पुस्तकं थंड, ओल्या हवेच्या देशांत लिहिली गेली. त्यांना काळजी बर्फाची आणि रुळावर पडणाऱ्या ओल्या पानांची. आपल्याला सांभाळायचं असतं ते पंचेचाळीस अंशांचं ऊन, काळ्या मातीची धूळ, कापसाचे तंतू आणि क्षारांचं पाणी. वऱ्हाडात मॉडेल इंजिन चालून चालून क्वचितच मरतं. ते या चार गोष्टींनी मरतं. म्हणून आधी निगा आणि मग सुधारणा, हा क्रम कोणीही मोडू नये.

वीज जोडण्याआधी

अमेरिकेतून आलेल्या संचाचा ट्रान्सफॉर्मर आधी उलटा करून त्यावरचं लेबल वाचा. 'इनपुट 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ' असं लिहिलेलं असेल तर तो आपल्या 230 व्होल्टच्या बोर्डात कधीही लावू नका. बाजारात मिळणारी पिन बदलायची छोटी टोपी फक्त पिनचा आकार बदलते, व्होल्टेज नाही. लावल्याबरोबर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि कधीकधी त्याच्यासोबत इंजिनातलं सर्किटही जातं. 230 वरून 110 करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर अमरावतीच्या इलेक्ट्रिकल दुकानांत मिळतो. पण मी सुचवेन तो मार्ग वेगळा आहे. जुना ट्रान्सफॉर्मर आठवण म्हणून ठेवून द्या आणि 24 व्होल्टचा डीसी पॉवर सप्लाय घ्या, एलईडी पट्ट्यांच्या दुकानात मिळतो तसला. त्याला डीसी मोटरचा वेग कमीजास्त करणारा रेग्युलेटर आणि 3 अँपियरचा फ्यूज जोडा. खर्च कमी येतो, आणि बिघडलं तर दुरुस्ती गावातच होते.

वर्षानुवर्षं बंद पडलेलं इंजिन थेट 24 व्होल्टवर घेऊ नये. दुचाकीची 12 व्होल्टची बॅटरी, मध्ये फ्यूज, आणि अँपियर दाखवणारा मल्टिमीटर एवढ्यावर पहिली चाचणी घ्या. इंजिन उलटं करून मऊ कापडावर ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना तारा टेकवा. चाकं फिरली आणि मीटर अर्ध्या अँपियरच्या आसपास राहिला तर मोटर शाबूत आहे. चाकं जागची हलली नाहीत आणि काटा मात्र वर गेला, तर काहीतरी अडकलेलं आहे. अशा वेळी व्होल्टेज वाढवून ते सुटेल या आशेवर राहू नका. तार काढा आणि इंजिन उघडा.

उघडून साफ करताना

टेबलावर पांढरं कापड पसरा, म्हणजे उडालेला स्क्रू दिसेल. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. या इंजिनांत बाहेरून सारखे दिसणारे स्क्रू लांबीने वेगळे असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो प्लॅस्टिक फोडून आरपार येतो.

खालचं झाकण काढलं की गिअरची पेटी दिसते. जुन्या इंजिनात तिथलं ग्रीस मेणासारखं घट्ट, पिवळंतपकिरी झालेलं आढळतं. ते पूर्ण काढायचं. त्यावर नवं ग्रीस थापणं म्हणजे घाण झाकणं. लाकडी टूथपिकने जाड थर खरवडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या ब्रशने गिअर पुसा. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे 'आयपीए' म्हणून असतंच. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढायचं द्रव्य यांपैकी काहीही प्लॅस्टिकला लावू नका. थिनर आणि नेलपॉलिशचं द्रव्य प्लॅस्टिक विरघळवतं. पेट्रोलने लगेच काही दिसत नाही, पण काही दिवसांनी बारीक तडे जातात.

नवं ग्रीस घेताना ते प्लॅस्टिकला चालतं का, एवढं एकच विचारा. ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं ग्रीस इथे उपयोगाचं नाही. ते जाड असतं आणि काही प्लॅस्टिकना हळूहळू फुगवतं. प्रिंटर आणि झेरॉक्स मशिनच्या गिअरना लावतात ते सिलिकॉन किंवा टेफ्लॉनयुक्त पांढरं ग्रीस चांगलं. दातांवर पातळ थर बसला की पुरे. पेटी भरून टाकली तर उन्हात ते पातळ होऊन चाकांवर ओघळतं, रुळावर पसरतं आणि इंजिन घसरू लागतं. धातूच्या बेअरिंगला शिलाई मशिनचं तेल उत्तम. सुईच्या टोकावर मावेल तेवढा एकच थेंब, आणि चाकावर रबरी पट्टी असेल तर तिच्यापासून ते दूर. गंज सोडवायला वापरतात त्या स्प्रेला वंगण समजू नका. तो आहे ते तेलही धुऊन नेतो.

आता कापसाचं. सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली, की पुढचे काही महिने जिनिंगच्या आसपास आणि कापसाच्या गाड्या जातात त्या रस्त्यांच्या कडेला हवेत तंतू तरंगत असतात. ते रुळावर बसतात, चाकाबरोबर उचलले जातात आणि आसाभोवती गुंडाळले जातात. गुंडाळता गुंडाळता त्यांची घट्ट दोरी होते. ती तेल शोषून घेते, बेअरिंग कोरडं पडतं आणि झिजतं. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. इंजिन फक्त थोडं जड चालू लागतं. या दिवसांत प्रत्येक वेळी गाडी चालवून झाली की इंजिन उलटं करा, चाक आणि चौकट यांच्या फटीत पाहा. तंतू दिसले तर टोकदार चिमट्याने ओढू नका. आधी बारीक ब्लेडने आसाच्या लांबीला समांतर कापा आणि मग उचला. ओढले तर ते आणखी आवळतात. डब्यांच्या आसांनाही हेच लागू आहे. चार डब्यांचे आस आवळलेले असतील तर इंजिनाला दुप्पट ओढावं लागतं आणि दोष मात्र इंजिनाला लागतो.

चाकं, विजेचा स्पर्श आणि गिअर

इंजिन अडखळत, दिवा लुकलुकत चालत असेल तर बहुतेकदा मोटर निर्दोष असते. रुळातली वीज मोटरपर्यंत नीट पोचत नसते. एलजीबी पद्धतीच्या इंजिनांत वीज दोन वाटांनी येते. चाकाच्या मागच्या बाजूला टेकणारे स्प्रिंगवरचे छोटे कार्बन ब्रश ही एक वाट, आणि रुळावर घासत जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या ही दुसरी. कार्बन झिजून आखूड झाला की चाकाला टेकतच नाही. पट्टीला रुळाच्या जागी खोल खाच पडली की तीही बदलायची. दोन्ही सुटे भाग मिळतात आणि ते परदेशातून मागवणं परवडतं. कार्बनच्या बाबतीत तर मोटर वाइंडिंग करणारा कारागीर मिक्सर किंवा ड्रिलचा ब्रश घासून त्याच मापाचा करून देऊ शकतो.

चाकं कापडावर आयपीए घेऊन पुसा. सॅंडपेपर लावू नका. त्याने निकेलच्या मुलाम्यावर चरे पडतात आणि पुढची घाण त्याच चऱ्यांत घट्ट बसते. रुळांवर हिरवी घासणी हलक्या हाताने फिरवायला हरकत नाही. मात्र भांडी घासायची तारेची घासणी रुळाजवळही आणू नये. तिचे बारीक लोखंडी कण मोटरमधल्या चुंबकाकडे खेचले जातात, आत जाऊन चिकटतात आणि शॉर्ट करतात. धडधाकट मोटर जळण्याचं हे एक नेहमीचं कारण.

दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर 40 मिलिमीटरच्या जवळपास असावं. व्हर्नियर कॅलिपरने मोजा. इंजिन एका ठरावीक सांध्यावरच रुळावरून उतरत असेल तर हे माप आधी तपासा.

गिअर तडकणं हा जुन्या इंजिनांचा खरा रोग. प्लॅस्टिकचा गिअर धातूच्या आसावर दाबून बसवलेला असतो. वर्षांमागून वर्षं तो ताण सहन करतो आणि शेवटी मधोमध चिरतो. उष्णतेने हे लवकर घडतं. मोटर फिरण्याचा आवाज येतो पण चाक फिरत नाही, किंवा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक' असा आवाज येतो, ही त्याची लक्षणं. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तो सांधता येत नाही. पुढच्याच चढावर सुटतो. नवा गिअर घ्या, आणि मूळचा मिळत नसेल तर पितळेचा करून घ्या. त्यासाठी गिअर कापणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: दातांची संख्या आणि मॉड्यूल. बाहेरच्या व्यासाला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागलं की मॉड्यूल निघतं. वीस दात आणि 11 मिलिमीटर व्यास असेल तर 11 भागिले 22, म्हणजे 0.5. आतलं भोक मात्र आसाच्या मापाचं अचूक हवं. ते काम आपल्या लेथवाल्यांना उत्तम जमतं. थ्रेशर आणि पंपाचे भाग बनवणाऱ्या हातांना हे काही नवं नाही.

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल असेल तर आस सोडवण्याआधी चाकांवर मार्करने खुणा करा. दोन्ही बाजूंच्या दांड्यांचे खुंटे एकमेकांशी काटकोनात असतात, आणि सगळ्या आसांवर तो कोन सारखाच असावा लागतो. थोडा जरी फरक पडला तरी इंजिन लंगडत चालतं आणि दांड्या अडकतात. खूण नसेल तर तो कोन पुन्हा बसवताना दिवस जातो.

एवढं सगळं झाल्यावर एक वही करा. सपाट रुळावर, मागे डबे न लावता, 12 व्होल्टवर इंजिन किती अँपियर घेतं ते तारखेसह लिहा. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. 0.4 चं 0.6 झालं तर आत काहीतरी घासतंय, हे इंजिन बंद पडण्याच्या कितीतरी आधी कळतं. मूर्तिजापूर आणि अकोल्याच्या शेडमध्ये खऱ्या इंजिनांची तपासणी ठरलेल्या वेळापत्रकाने व्हायची. बिघाड होण्याची वाट कोणी पाहत नसे. शकुंतलेचं झेडडी वर्गाचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलं, 1923 मध्ये कामाला लागलं आणि 1994 मध्ये डिझेल येईपर्यंत चाललं. सत्तर वर्षं एक यंत्र चालतं ते अशा नोंदींच्या आणि फिटर-खलाशांच्या हातांच्या बळावर.

ऊन, माती, पाऊस

मार्चनंतर गाडी सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर चालवा. नवतपा लागला की दिवसा तर मुळीच नको. काळ्या रंगाचं इंजिन उन्हात ठेवलं तर त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. कारखान्यात बनलेली एबीएस प्लॅस्टिकची कवचं ते सहन करतात. पण हल्ली थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग बसवायची पद्धत आली आहे, आणि ते बहुधा पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. त्याची चिमणी किंवा छप्पर वऱ्हाडच्या मे महिन्यात वाकलंच समजा. छापून घेताना पीईटीजी किंवा एएसए मागा.

इंजिन टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नका. तिथे उन्हाळ्यात भट्टी असते. घरातलं सगळ्यात थंड कपाट त्याला द्या. मूळ खोक्यातला फोम वर्षानुवर्षं चिकटून राहू देऊ नये. तो कुजून रंगाला डिंकासारखा चिकटतो. मलमलच्या कापडात गुंडाळा, पावसाळ्यात सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवा म्हणजे ग्रीस एका जागी बसणार नाही.

काळ्या मातीवर थेट रूळ टाकू नका. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि पहिल्याच वर्षी रुळाची पातळी बिघडते. वाकड्या रुळावर इंजिनाची चौकट पिळवटते. माती काढून मुरूम भरा आणि वर शहाबादी फरशीची पट्टी टाका, किंवा सिमेंटच्या खांबांवर कमरेएवढ्या उंचीवर मार्ग बांधा. वयस्कर माणसांना दुसरा पर्याय सोयीचा पडतो. पितळी रूळ उष्णतेने वाढतात, हेही ध्यानात घ्या. डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी रुळाच्या तापमानात 40 अंशांचा फरक धरला, तर दहा मीटर लांबीत साडेसात मिलिमीटर वाढ होते. सांध्यांत तेवढी जागा सोडली नाही तर रूळ बाजूला सरकून वाकतो. वळणाची त्रिज्या जागा असेल तितकी मोठी ठेवा. संचासोबत येणाऱ्या 60 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर लांब इंजिनाच्या चाकांच्या कडा झिजतात, 1.2 मीटरच्या खाली जाऊ नये.

खऱ्या वाफेवर चालणारं इंजिन असेल तर

काही भाग्यवंतांकडे गॅसच्या बर्नरवर पाणी उकळून वाफेवर चालणारं इंजिन असतं. त्याचा आनंद मोठा आणि जबाबदारीही मोठी. पाण्यापासून सुरुवात करू. बोअरचं पाणी बॉयलरमध्ये घालू नका. दर्यापूर, भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना तर हे सांगायलाच नको. तिथली चहाची भांडी पाहिली तरी आत काय होईल ते कळतं. क्षारांचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, तांबं जास्त तापतं आणि सेफ्टी व्हॉल्व्हची जागा बुजते. डिस्टिल्ड पाणी वापरा, किंवा पावसाळ्यात छप्पर धुऊन गेल्यानंतरच्या सरींचं पाणी कापडाने गाळून काचेच्या बाटल्यांत भरून ठेवा. आधीच थर बसला असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात पातळ करून तासभर भरून ठेवा. मग स्वच्छ पाण्याने अनेकदा खळबळून काढा.

सेफ्टी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी उडतो की नाही ते पाहिल्याशिवाय गाडी सोडू नका. तो घट्ट पिळून दाब वाढवण्याचा विचारही मनात आणू नये. बॉयलरची चाचणी पाण्याच्या दाबाने घ्यायची, हवेच्या नव्हे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर थेंब गळतो. दाबलेली हवा मात्र स्फोट करते. नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि नंतरच्या चाचण्यांना दीडपट, असा रिवाज आहे. बॉयलरला गळती सापडली तर घरी सोल्डर लावू नका. साधं इलेक्ट्रॉनिक सोल्डर 183 अंशांना वितळतं. चार बार दाबाची वाफच दीडशे अंशांची असते, आणि पाणी संपलं तर सोल्डर टिकतच नाही. ते चांदीच्या ब्रेझिंगचं काम आहे आणि बॉयलर जाणणाऱ्याकडूनच करून घ्यायला हवं.

उन्हाळ्यात ब्युटेन गॅसचं वागणं बदलतं, आणि परदेशी माहितीपत्रकांत याचा उल्लेख क्वचितच असतो. वीस अंशांना टाकीत जेवढा दाब असतो, पंचेचाळीस अंशांना त्याच्या दुपटीहून जास्त होतो. बर्नर घुमतो, ज्योत बाहेर उसळते. टाकी काठोकाठ भरू नका, कॉक केसभर उघडा, आणि गॅस भरताना आसपास दुसरी ज्योत, उदबत्ती किंवा सिगारेट नसल्याची खात्री करा. खरं तर एप्रिल-मेमध्ये गॅसचं इंजिन विश्रांतीलाच ठेवावं. सिलिंडरसाठी जाड स्टीम ऑइलच वापरा. मोटारीचं इंजिन ऑइल वाफेत टिकत नाही आणि त्याचा चिकट गाळ होतो.

सुधारणा कुठून सुरू करावी

लोक आवाजाच्या चिप आणि धुराच्या नळ्यांपासून सुरुवात करतात. मी वजनापासून सुरू करायला सांगेन. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा इंजिनाच्या मागे लावा आणि ओढू द्या. चाकं घसरायच्या क्षणी काटा किती दाखवतो ते पाहा. धातूच्या चाकांचं इंजिन आपल्या चालक चाकांवरच्या वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा भाग ओढतं. चार किलोच्या इंजिनाला आठशे ग्रॅम ते किलोभर ओढ मिळाली तर ठीक. कमी असेल तर वजन वाढवा. टायरच्या दुकानातली चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं यासाठी सोयीची. शिशाची असतील तर हात धुवा. वजन चालक चाकांच्या मध्यावर यावं. मात्र एक मर्यादा पाळा: पूर्ण व्होल्टेजवर इंजिन धरून ठेवलं तर चाकं घसरलीच पाहिजेत. चाकं न घसरता मोटर थांबत असेल तर वजन जास्त झालं. आता चढावर मोटर जळेल किंवा गिअरचे दात जातील. चढाचा हिशोब सोपा आहे. दहा किलोची गाडी चाळीसला एक या चढावर नुसत्या चढासाठी अडीचशे ग्रॅम ओढ मागते. नेरळ-माथेरानची खरी गाडी वीसला एक चढते, म्हणून अंगणात तसं करायचा मोह होतो. पन्नासला एक ठेवा, गिअर टिकतील.

दुसरी सुधारणा बॅटरीची, आणि आपल्या धुळीच्या मुलखात तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. बॅटरी डब्यात किंवा टेंडरमध्ये ठेवली, हातात छोटा रिमोट घेतला, की रूळ साफ आहेत की नाहीत याची चिंताच संपते. भारनियमनातही गाडी चालते. लिथियम आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडले की 18.5 व्होल्ट मिळतात. 2.6 अँपियर-तासांच्या सेलवर, सरासरी एक अँपियर घेणारं इंजिन दोन तासांहून अधिक चालतं. पण या सेलचं चार्जिंग 45 अंशांच्या वर करायचं नसतं, आणि आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीही त्या आकड्याच्या जवळ जाते. म्हणून चार्जिंग पहाटे, थंड खोलीत, फरशीवर, आणि समोर बसून करावं. संरक्षक सर्किट आणि फ्यूज नसलेली बॅटरी इंजिनात घालू नये. मी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाजूचा आहे. सहा सेल, 19.2 व्होल्ट, आकाराने थोडी मोठी, पण उष्णतेत कितीतरी सुरक्षित. ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधणारे कारागीर स्पॉट वेल्डिंग करून देतात. त्यांच्याकडूनच करून घ्या. सेलवर थेट सोल्डर लावू नका.

दिव्यांचं काम अर्ध्या तासाचं. जुना बल्ब काढून पांढरा एलईडी बसवा. वीस व्होल्टमधून एलईडीचे तीन वजा केले की सतरा राहतात. दहा मिलिअँपियरसाठी 1.8 किलोओहमचा रेझिस्टर येतो. रुळावरच्या विजेवर चालणारं इंजिन असेल तर आधी ब्रिज रेक्टिफायर लावा, म्हणजे दिशा बदलली तरी दिवा जळतो. उष्ण रंगाचा एलईडी निवडा. निळसर पांढरा दिवा वाफेच्या इंजिनावर खोटा दिसतो.

मग रूपाकडे वळा. जर्मन किंवा अमेरिकन इंजिनाला आपल्याकडचं रूप देणं ही या छंदातली सर्वांत समाधानाची सुधारणा आहे. मोठा हेडलाइट, आपल्याकडच्या इंजिनांना असायचा तसा काउकॅचर, ऊन अडवणारं कॅबचं जाड छप्पर, देवनागरी अंकांची पितळी पाटी एवढ्याने इंजिन ओळखू येत नाही इतकं बदलतं. पितळेची बारीक जोडकामं सोनार फार सुरेख करतात. मीटरगेजचं वायपी किंवा वायजी करायचं असेल तर चाकांची मांडणी लक्षात ठेवा: वायपी 4-6-2, वायजी 2-8-2.

शकुंतलेसारखं नॅरोगेज इंजिन घडवायचं असेल तर नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय गाठा. 2002 पासून तिथे 762 मिलिमीटर गेजची इंजिनं उभी आहेत. परवानगी घेऊन टेपने मापं घ्या. चाकाचा व्यास, चिमणीची उंची, कॅबची रुंदी अशी प्रत्येक संख्या सतराने भागा आणि वहीत लिहा. आणि मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, अचलपूरकडे कोणी निवृत्त ड्रायव्हर, फिटर किंवा गार्ड ओळखीचे असतील तर त्यांना आधी भेटा. जुने फोटो, रंगांची माहिती, एखाद्या भागाचं माप असं जे सांगतील ते त्यांच्यासमोर लिहून घ्या. ही माहिती कोणत्याही पुस्तकात नाही, आणि सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. हे काम या हिवाळ्यातच करा.